रत्ना बोरसेची लेक

चाळीसगावातून धुळ्याकडे निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला सिस्टरांची शाळा लागते. तिला एका संताचं लांबलचक नाव आहे, पण गावात ते कोणी घेत नाही. रिक्षावाल्याला ‘सिस्टरांची शाळा’ म्हटलं की पुरतं. त्या शाळेत मी मराठी शिकवलं, सगळी नोकरी तिथंच काढली. आता निवृत्त होऊन घरी बसले आहे. दुपारी डोळा लागत नाही तेव्हा त्या शाळेचे लांब व्हरांडे आठवतात, खिडकीबाहेरची बुचाची झाडं आठवतात, आणि सगळ्यात जास्त आठवते ती रत्ना बोरसे.

रत्ना गणिताची. धुळ्याला बी.एस्सी., बी.एड. करून आमच्याकडे लागली तेव्हा तिशीच्या आतली होती. नवरा योगेंद्र बाजार समितीत नोकरीला. सासर शिरूडकडचं, कपाशीची शेती. एक वर्षाची मुलगी होती, ती गावी आजीकडे असायची. नोकरी करणाऱ्या बाईचं मूल आजीकडे असणं आमच्याकडे नवीन नव्हतं, त्यामुळे कोणी खोदून विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी तिला पाचवीचा वर्ग मिळाला. खचाखच भरलेला. तिनं हजेरी घेतली ती आकड्यांनी. एक, हजर. दोन, हजर. भराभर. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर इग्नेशिया व्हरांड्यातून चालल्या होत्या, त्या दाराशी थांबल्या. तास संपल्यावर त्यांनी रत्नाला बाजूला घेतलं. शेजारच्या वर्गातून मी बाहेर पडत होते, म्हणून ऐकलं.

“हजेरी नावानं घ्या, रत्नाबाई.”

“सिस्टर, एवढी पोरं. अर्धा तास हजेरीतच जाईल.”

“जाऊ द्या. काही मुलांचं नाव घरी कोणी नीट घेत नाही. शिवी घालूनच हाक मारतात. दिवसातून एकदा तरी कोणी ते सरळ घ्यावं.”

सिस्टर वसईच्या. मराठी आमच्यापेक्षा थोडं वेगळं, पण स्वच्छ. उंच, काटक बाई, चालताना पांढऱ्या झग्याच्या खिशातल्या किल्ल्या वाजायच्या. रत्नाला त्यांचं म्हणणं पटलं नव्हतं. पण नवी नोकरी, तिनं दुसऱ्या दिवशी नावं घ्यायला सुरुवात केली. आणि तिसऱ्या बाकावरचा एक किरकोळ अंगाचा मुलगा उभा राहून म्हणाला, “मॅडम, मला नंबरच म्हणा.”

“का रे?”

वर्ग फिदीफिदी हसायला लागला. त्याचं नाव होतं उखर्डू.

रत्ना खानदेशातली, तिला त्या नावाचा अर्थ माहीत होता. सिस्टरांना नव्हता. मधल्या सुट्टीत चहा घेताना त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, ती नव्या बाळाला उकिरड्यावर नेऊन ठेवते. टाकून दिल्याचं सोंग करते. मग दुसरी कोणी बाई ते उचलते, आणि आई सूपभर धान्य देऊन तिच्याकडून ते परत घेते. मृत्यूला वाटावं, हे फेकलेलं पोर आहे, याला कशाला न्यायचं. मुलगा जगला तर नाव उखर्डू. किंवा चिंधा.

सिस्टरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, “म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव, त्याचं नाव सगळ्यात टाकाऊ.”

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी उखर्डूला पुढं बोलावलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून साऱ्या शाळेला ती गोष्ट सांगितली, अगदी साध्या शब्दांत. “या मुलाच्या आईनं याच्यासाठी मरणाशी भांडण केलं,” म्हणाल्या. “इतकं भारी नाव इथं दुसऱ्या कोणाचं आहे?” पोरं हसली नाहीत. उखर्डू लाजून जमिनीकडे बघत राहिला, पण त्यानंतर नाव पुकारलं की ‘हजर’ मोठ्यानं म्हणायला लागला.

गावात मात्र वेगळीच कुजबूज निघाली. सिस्टर त्या पोराचं नाव जोसेफ ठेवणार म्हणे. उखर्डूचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. ते सरकीची धूळ अंगावर घेऊन तसेच ऑफिसात आले आणि हात जोडून उभे राहिले. “सिस्टर, पोऱ्यानं नाव बदलू नका. त्यानी मायनी ठेवेल शे ते.”

सिस्टर खुर्चीवरून उठल्या. “भाऊ, मी तर त्याला सांगितलं की हे नाव जपून ठेव. बसा. पाणी घ्या.”

ही गोष्ट आम्ही शिक्षकांनी ऐकली आणि विसरलोही. शाळेत रोज काहीतरी होत असतं. रत्नाचंही तसंच झालं असावं, कारण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. तिला निकाल हवा होता.

ती शिकवायची फार सुरेख. फळ्यावर तिचा खडू चालायला लागला की मागच्या बाकावरचंही पोर मान वर करायचं. दोनच वर्षांत तिला दहावी मिळाली. मग दहावीच्या गणिताचा निकाल वर वर जात राहिला आणि एका जूनमध्ये शंभर टक्के लागला. धुळ्या-जळगावच्या पेपरात शाळेचा फोटो आला, त्यात रत्ना मध्यभागी. लोक रस्त्यात थांबवून ‘बोरसे मॅडम, आमच्या पोरीला तुमच्या वर्गात घ्या’ म्हणायला लागले. तिचा चेहरा त्या दिवसांत उजळलेला असायचा. आमचाही. अशा यशात सगळ्या शाळेचा वाटा असतो असं सगळ्यांनाच वाटतं.

मात्र एक गोष्ट मला खटकायची. आम्ही बाया आपापल्या पोरांचं काही ना काही बोलायचो. कोणाला दात आला, कोण पडलं, कोणी काय खाल्लं. रत्ना त्या बोलण्यात नसायची. तिच्या मुलीचं नाव दिपमाला आहे एवढंच आम्हाला ठाऊक होतं. एकदा मी विचारलं, “काय गं, आता शाळेत जायच्या वयाची झाली असेल ना?” तर म्हणाली, “गावीच बरी आहे, लताताई. मोकळी हवा आहे.” आणि वह्या तपासायला लागली.

उखर्डूची बॅच दहावीत आली ते वर्ष. ऑगस्ट होता. चाचणीचे गुण लागले आणि रत्ना शिक्षकांच्या बैठकीत उभी राहिली. चार मुलं गणितात अगदीच कच्ची होती, त्यांत उखर्डू. ती म्हणाली, “यांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावू या.”

शाळेबाहेरच्यांसाठी सांगते. सतरा नंबरचा फॉर्म भरला की मुलगा खासगीरीत्या दहावीला बसतो. तो नापास झाला तर शाळेच्या निकालात धरत नाहीत. कितीतरी शाळा कच्च्या पोरांना असं हळूच बाजूला करतात. रत्ना जगावेगळं काही मागत नव्हती.

“त्यांना तरी काय फरक पडणार आहे, सिस्टर? परीक्षा देतीलच. फक्त आपला निकाल खाली येणार नाही.”

“त्यांचं नाव आपल्या पटावरून जाईल.”

“पटावरून. शाळेत येऊन बसू देत ना. मी शिकवीन.”

सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “उखर्डूच्या आईला मी काय सांगू, रत्नाबाई? तिनं उकिरड्यावरून सोडवून आणलेला मुलगा आपण परत तिथं ठेवला, असं सांगू?”

रत्नाचे कान लाल झाले. “हे भावनेचं बोलणं झालं, सिस्टर. लोक आपल्या शाळेत पोरं घालतात ते निकाल बघून.”

“हो. ते मला माहीत आहे.” एवढंच म्हणून त्यांनी बैठक संपवली. चौघं पटावर राहिले.

रत्ना त्यानंतर आठवडाभर सिस्टरांशी कामापुरतंच बोलली. माझ्याजवळ तणतणली, “यांचं काय जातं? यांना ना पोर ना बाळ.” खरं सांगायचं तर मलाही तिचंच बरोबर वाटत होतं.

नवरात्राच्या आधीचा तो शनिवार होता. पालक सभा सुटली होती. पोर्चमध्ये सात-आठ पालक रत्नाभोवती उभे होते, त्यात कापडवाले कुंदनशेठही होते. मी थोडी मागं होते. तेवढ्यात फाटकातून एक नऊवारीतली म्हातारी एका मुलीचा हात धरून आली. रत्नाच्या सासूबाई, वच्छलाबाई. दवाखान्याच्या कामाला चाळीसगावात आल्या होत्या. घराला कुलूप दिसलं म्हणून शाळेकडे वळल्या. मुलगी सहा-सात वर्षांची, गोल चेहऱ्याची, बारीक डोळ्यांची, जीभ थोडी बाहेर. तिनं रत्नाला पाहिलं आणि हात सोडवून धावत सुटली. पाय नीट पडत नव्हते. ती येऊन रत्नाच्या कमरेला बिलगली, लाळेनं पदर ओला झाला, आणि ती जोरात काहीतरी बोलली. आम्हा सगळ्यांना ते ‘मम्मी’ असं ऐकू आलं.

कुंदनशेठ सहज म्हणाले, “मॅडम, ही कोण?”

रत्ना म्हणाली, “जाऊबाईंची मुलगी.”

वच्छलाबाई पायरीवरच थबकल्या. “जाऊनी पोर?” त्या हळूच म्हणाल्या. “रत्ना, काय बोली राहिनी वं तू?”

पालकांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. आम्हाला गेलं. आणि ऑफिसच्या दारात उभ्या असलेल्या सिस्टरांनाही गेलं. किल्ल्या वाजवत त्या आल्या आणि त्या मुलीसमोर चवड्यांवर बसल्या. तिच्या तोंडावरची लाळ त्यांनी आपल्या रुमालानं पुसली.

“नाव काय गं तुझं?”

मुलगी काहीतरी बोलली. पहिलं अक्षर तेवढं कळलं.

“दिपमाला शे तिनं नाव,” वच्छलाबाई म्हणाल्या.

“दिपमाला,” सिस्टर म्हणाल्या. “दिपमाला, तुला चॉकलेट आवडतं?” मग रत्नाकडे वळून, अगदी रोजच्या आवाजात, “तुमच्या जाऊबाईंना सांगा, सोमवारपासून हिला शाळेत पाठवा.”

रत्नाचा चेहरा मला अजून दिसतो. ती मुलीला उचलून फाटकाबाहेर गेली. सासूबाई मागं. मुलगी आईच्या खांद्यावरून आम्हाला हात हलवत होती.

सोमवारी रत्ना एकटीच आली आणि सरळ ऑफिसात गेली. तिथं काय झालं ते तिनं मला त्याच दिवशी सांगितलं, बुचाच्या झाडाखाली बसून, रडून सुजलेल्या डोळ्यांनी. ती नोकरी सोडते म्हणून सांगायला गेली होती. सिस्टरांनी तिला बसवलं आणि काही न विचारता थांबल्या. मग तीच बोलत सुटली. मुलगी झाली तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी इंग्रजीत एक नाव सांगितलं. हिची बुद्धी वाढणार नाही म्हणाले. नातेवाईक म्हणाले, मागच्या जन्मीचं काही असेल. ती स्वतः गणितात विद्यापीठात पहिली आलेली, आणि तिच्या मुलीला दोनपर्यंत मोजता येत नव्हतं.

“मी नवस केले, उपास केले,” ती म्हणाली. “मग सोडून दिलं सगळं. सिस्टर, आमच्यात भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत. कितीही लाडकी असली तरी पाण्यात सोडावी लागते. मी मुलीला गावी ठेवलं ते तसंच.”

सिस्टर म्हणाल्या, “आमच्या देव्हाऱ्यात भंगलेलाच आहे, रत्नाबाई. वर बघा.”

ऑफिसात टेबलामागच्या भिंतीवर क्रूस होता. खिळ्यांनी ठोकलेले हात, वाकलेली मान. रत्ना रोज ते बघत होती, इतकी वर्षं. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं ते अंग नीट पाहिलं.

“आम्ही असं मानतो,” सिस्टर म्हणाल्या, “की देवानं माणूस स्वतःच्या प्रतिमेत घडवला. हुशार माणूस असं नाही म्हटलेलं त्यात. धडधाकट असंही नाही. माणूस, एवढंच. मग मी कोणत्या मुलाला कमी प्रतिमा म्हणू? उखर्डूला? तुमच्या दिपमालाला? ही शाळा त्या एका गोष्टीवर उभी आहे. ती काढून घेतली तर चांगले गणिताचे क्लास आपल्या गावात पुष्कळ आहेत.”

रत्ना म्हणाली, “मी ख्रिश्चन नाही, सिस्टर.”

“ते मी मागितलंच नाही. तुमच्या सासूबाईंना विचारा त्या काय म्हणतात.”

आणि खरंच पुढच्या रविवारी सिस्टर, रत्ना आणि मी शिरूडकडच्या गावी गेलो. चाळीसगाव-धुळे पॅसेंजरनं. वच्छलाबाईंनी चुलीवर खापर ठेवून मोठाल्या पुरणपोळ्या केल्या होत्या, दुपट्ट्यासारख्या पातळ. सिस्टरांनी असली पोळी पहिल्यांदाच पाहिली, कुठून घडी घालावी ते त्यांना कळेना. दिपमालानं त्यांच्या ताटातली पोळी फाडून त्यांना भरवली. योगेंद्र दाराशी उभा राहून बघत होता. तो बोलका माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्यानं तीनदा ताटात तूप वाढलं.

जेवणं झाल्यावर रत्नानं भंगलेल्या मूर्तीचं तेच बोलणं सासूपुढं काढलं, घाबरत घाबरत. वच्छलाबाईंनी हात पुसले. “मूर्ती दगडनी ऱ्हास वं. भंगनी ते नदीमा सोडतस. पोर काय दगडनी शे का?” मग सिस्टरांकडे वळून म्हणाल्या, “बठ्ठं गाव म्हनस, हाई पोर काय शिकाव नई. तुम्ही शिकाडशात का?”

“किती शिकेल ते मला सांगता येत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “पण तिची जागा वर्गात आहे. ती रिकामी राहिली तर बाकीच्या मुलांचंही शिक्षण अपुरं राहील.”

दिवाळीनंतर दिपमाला शाळेत आली. बालवर्गात, स्वतःपेक्षा लहान मुलांमध्ये, पुढच्या बाकावर. पहिले काही दिवस ती वर्गातून उठून गणिताच्या तासाला आईच्या मागं येऊन उभी राहायची. मग पालकांची कुरकुर सुरू झाली. डिसेंबरच्या सभेत कुंदनशेठ उठले. ते वाईट माणूस नव्हते, शाळेला पंखे त्यांनीच दिले होते.

“सिस्टर, माझी धाकटी त्या मुलीला घाबरते. दया म्हणून ठीक आहे, पण अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात ना? उद्या लोक या शाळेला काय म्हणतील?”

सिस्टर उत्तर द्यायला पुढं झाल्या, पण रत्ना आधीच उभी राहिली होती. तिच्या हातातला खडू मोडला, तो आवाज मी ऐकला.

“कुंदनभाऊ, तुम्ही मला पोर्चमध्ये विचारलं होतं ही कोण. मी खोटं सांगितलं. ती माझी मुलगी आहे. दिपमाला योगेंद्र बोरसे. ती कोणाला मारत नाही, चावत नाही. तिला मिठी मारायला आवडतं, त्यानं तुमची मुलगी घाबरली असेल. मी तिला शिकवीन की आधी विचारावं. तुमच्या मुलीला तुम्ही शिकवा की हिला हात द्यावा.”

सभेत चुळबूळ झाली. मागून कोणी बाईनं टाळी वाजवायला घेतली आणि एकटीच पडली म्हणून थांबली. कुंदनशेठ खाली बसले. जूनमध्ये त्यांनी धाकटीला दुसऱ्या शाळेत घातलं. आणखीही काहींनी पोरं काढली. हे सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही.

निकालही पडला. उखर्डू आणि त्याच्याबरोबरचा एक मुलगा गणितात नापास झाले, पेपरातल्या शंभर टक्केवाल्यांच्या रांगेतून आमचं नाव गेलं. सिस्टरांनी मात्र त्या सकाळी पेढ्यांचा पुडा आणला आणि पास-नापास न विचारता आलेल्या प्रत्येक मुलाच्या हातावर पेढा ठेवला. उखर्डू घ्यायला पुढं येईना. रत्नानं त्याच्या तोंडात घातला. “ऑक्टोबरला बसायचं आहे आपल्याला,” म्हणाली. ऑक्टोबरलाही त्याचं जमलं नाही. त्यानंतरच्या मार्चमध्ये जमलं. रोज संध्याकाळी तो रत्नाच्या घरी ओट्यावर बसून गणितं सोडवायचा आणि दिपमाला त्याच्या पाटीवर रेघोट्या मारायची. पुढं तो एसटीत चालक झाला. चाळीसगाव डेपोतच आहे.

रत्नानं स्वतःहून दहावी सोडली. हे मात्र गावाला समजलं नाही. एवढी नावाजलेली बाई पाचवीच्या कच्च्या मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवत बसते म्हणून लोक हळहळले. ती बिया घ्यायची, काड्या घ्यायची, चिंचोके घ्यायची. चिडायची पण. “शंभरदा सांगितलं रे!” असा तिचा आवाज व्हरांडाभर जायचा. मग थोड्या वेळानं हसण्याचा आवाज यायचा. स्टाफरूममध्ये येऊन ती आम्हाला सांगायची, आज अमक्याला हातचा कळला. पेपरात फोटो आला होता तेव्हाही मी तिला इतकं मोकळं पाहिलं नव्हतं.

दिपमाला आठ-नऊ वर्षं शाळेत होती. तिला हातचा कधी कळला नाही. दहापर्यंत अंक आले, स्वतःचं नाव वेडंवाकडं लिहिता आलं, केस विंचरता यायला लागले. नाताळच्या गाईगोठ्याच्या देखाव्यात ती दर वर्षी मेंढपाळ व्हायची आणि कान्हबाईच्या सणाला गावी जाऊन आजीबरोबर फुगड्या घालायची. तिला दोन्हीकडे सारखीच मजा यायची. तिच्या बरोबरीची पोरं कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी ती रस्त्यात दिसली की गाडी थांबवून तिच्याशी बोलतात. हे त्या पोरांना कोणत्या तासाला शिकवलं होतं, मला सांगता येणार नाही.

सिस्टर इग्नेशियांची बदली झाली तेव्हा सगळी शाळा रडली. त्या नंदुरबारकडच्या पाड्यांवरच्या शाळेत गेल्या. फोन यायचे, मग कमी झाले. वच्छलाबाई गेल्या. शाळेला नवी इमारत झाली, बुचाची झाडं त्यात गेली. मी निवृत्त झाले, मागोमाग रत्ना.

मागच्या हिवाळ्यात रत्नाचा फोन आला. सिस्टरांना धुळ्याला आणलंय, वयस्क सिस्टरांच्या घरात. त्यांना आता काही आठवत नाही म्हणे. आपण जाऊ या.

आम्ही तिघी गेलो. दिपमाला आता तिशीला आली आहे, अंगानं भरलेली, केसात लाल रिबन. सिस्टर व्हरांड्यात उन्हात खुर्चीवर बसल्या होत्या. कितीतरी लहान झालेल्या. खिसा रिकामा, किल्ल्या नव्हत्या. मी नाव सांगितलं, रत्नानं नाव सांगितलं. त्यांनी आमच्याकडे बघून हसून विचारलं, “तुम्ही वसईहून आलात का?” थोड्या वेळानं परत विचारलं. तिथल्या तरुण सिस्टर म्हणाल्या, प्रार्थनेचे शब्दही आता लागत नाहीत त्यांना. शाळा, मुलं, काहीच नाही.

इतकी मोठी बाई, आणि हे काय उरलं, असं माझ्या मनात आलं. मी तोंड वळवून कुंपणाकडे बघत बसले.

दिपमालाला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. ती खाली बसली, सिस्टरांचा हात हातात घेतला, आणि आपलं सांगत सुटली. मांजराला पिल्लं झाली, पपांनी नवीन चप्पल आणली, सगळं अडखळत, अर्धं कळणारं. सिस्टर मान हलवत होत्या. मधेच त्यांनीही काहीतरी सांगितलं, होडीचं, मासळीचं, त्यांच्या लहानपणचं असावं. दोघींच्या बोलण्याचा एकमेकींशी काही मेळ नव्हता, आणि दोघी खुशीत होत्या.

रत्नानं डबा उघडला. भरीत आणि कळण्याची भाकरी आणली होती. भाकरी दुधात कुस्करून तिनं छोटे छोटे घास केले आणि सिस्टरांना भरवायला लागली. घास ओठांवरून सांडला की पदरानं पुसायची. मी म्हटलं, “रत्ना, यांना आता कळतही नाही गं आपण कोण ते.”

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. “आपल्याला कळतं ना, त्या कोण आहेत ते.”

ऊन सरकलं तशी आम्ही खुर्ची सरकवली. निघताना रत्नानं तिथल्या सिस्टरांना विचारलं, जेवण भरवायला माणसं कमी पडतात का. पडतात, त्या म्हणाल्या. मग दर गुरुवारी आम्ही दोघी येत जाऊ, रत्ना म्हणाली, आणि दिपमालाच्या केसातली सुटलेली रिबन बांधायला लागली. तेव्हापासून मायलेकी दर गुरुवारी सकाळच्या गाडीनं धुळ्याला जातात. कधी कधी मीही जाते.